झाकणापाशी उभं राहायचं काम

तळवली,
बुधवार, दुपार

प्रिय ऋता,

अनेक आशीर्वाद. मावशीनं आज फोन न करता एवढं लांबलचक लिहिलं, आणि पानांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, याचं तुला नवल वाटेल. पानांवर आकडे घातलेत, त्याच क्रमानं वाच. रिक्षात वाचू नकोस. घरी पोहोच, हातपाय धू, चहा घे, खांदेश्वरच्या तुमच्या गॅलरीत नीट बूड टेकून बस आणि मग वाच. फोनवर तू माझं ऐकत नाहीस गं. नुसतं 'हो मावशी, हो मावशी' करतेस, मागून कुणीतरी तुला हाक मारत असतं, आणि माझं बोलणं डाळीच्या फेसासारखं वरच्या वर निघून जातं. शिवाय आज माझा आवाज माझ्या ताब्यात नाही. अक्षर त्याहून बरं येतंय. आणि ते अक्षर तरी कुठे माझं? आमच्या वरच्या खोलीत तुम्ही भाड्यानं राहायचात, तुझी आई चारू बँकेतून येईपर्यंत तू माझ्यापाशी. तू वहीत अ-आ-इ गिरवायचीस, मी समोर बसून मासळी साफ करायची, आणि तू झोपलीस की हात धुऊन तीच अक्षरं तुझ्या वहीच्या मागच्या पानावर काढून बघायची. जोडाक्षरं मात्र मी रस्त्यावरच्या पाट्यांवरून शिकले. म्हणून मला 'औद्योगिक' आणि 'प्रदूषण' न चुकता लिहिता येतं, आणि 'कोथिंबीर'पाशी अजून अडखळते.

तर रविवारचा तुझा फोन. तू रडायच्या बेताला आली होतीस. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं की इंटर्नशिप म्हणजे आयत्या चालून आलेल्या लक्ष्मीसारखी, तिचं सोनं करा, ओळखी वाढवा, प्रश्न विचारा, चार मोठ्या माणसांच्या डोळ्यांसमोर राहा. आणि इथे तुझ्याबरोबरच्या त्या ऋषीला हेड ऑफिसच्या साहेबांपुढे बोलायची संधी मिळाली, थंडगार हॉलमध्ये, पडद्यावर चित्रं दाखवत. तुला काय मिळालं, तर हेल्मेट आणि शिट्टी. गुरुवारी कंपनीची सांडपाण्याची टाकी साफ होणार, आत माणसं गाळ काढणार, आणि कंपनीतल्या आशुतोष सरांनी तुला झाकणापाशी उभं राहायला सांगितलंय, आतल्या माणसांवर लक्ष ठेवायला. "मावशी, हे वॉचमनचं काम आहे गं, यासाठी मी इंजिनीअरिंग करतेय का?" असं म्हणालीस. मग आवाज बारीक करून बेत सांगितलास. साहेब लोक वरच्या हॉलमध्ये आले की शिट्टी गेटवरच्या बंडू वॉचमनच्या हाती द्यायची, अर्धा तास वर जायचं, ऋषीचं झालं की आपणही उठून दोन शब्द बोलायचे, आपण केलेला पाण्याचा तक्ता दाखवायचा. कुणाला कळणारही नाही. आणि मी काय म्हटलं? माझी फोडणी करपत होती, मी म्हटलं, "बघ बाई, तुला कळतंय ते कर." ते माझं बोलणं आज मी परत घेतेय.

आधीच रागावू नकोस. पुढे जाऊ नकोस असं मी तुला कधी म्हटलंय का? पहिल्या आठवड्यात तू कँटीनमध्ये एकटी बसतेस म्हणून चारू मला सांगत होती, तेव्हा तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं लोणचं कुणी पाठवलं? दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या सुनयनाबाई आपणहून तुझ्या टेबलावर आल्या की नाही? ज्या यंत्रापाशी उभी करतील त्या यंत्रावरच्या माणसाचं नाव आधी विचार, मग यंत्राचं, हेही मीच सांगितलं होतं. तुझं सोनं व्हावं असं मला तुझ्या आईइतकंच वाटतं. तुझ्या तक्त्याचा फोटो पाठवला होतास, त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही, तरी मी तो खालच्या भाडेकरूपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना दाखवला. निशिगंधा हसली मला. म्हणाली, "सासूबाई, सुनेच्या प्रमोशनचं पत्र नाही दाखवलंत कधी." तिला म्हटलं, तुझं पत्र इंग्रजीत होतं बाई, यात निदान रंग तरी आहेत.

तुला ते मांजराचं पिल्लू आठवतं का? आमच्या घराखालची पाण्याची टाकी धुवायला रिकामी केली होती, झाकण उघडं होतं, आणि ते करड्या रंगाचं पिल्लू आत पडलं. तू शाळेच्या गणवेशात, पाठीवर दप्तर. कुणाला हाक नाही, काही नाही. धपकन आत उडी. पिल्लानं तुझा गाल ओरबाडला, तुझा पाय मुरगळला, आणि दोघंही आत बसून केकाटत होतात. माझा तेजस क्लासवरून आला म्हणून तुम्हाला वर काढलं. त्या दिवशी सगळ्यांनी तुझं केवढं कौतुक केलं. शेजारच्या श्यामसुंदरभाऊंनी तुला आइस्क्रीम आणलं, चारू डोळे पुसत म्हणाली, माझ्या लेकीचं काळीज बघा. मी तेवढी गप्प होते. तू नंतर विचारलंसही, "मावशी, तू का नाही शाबास म्हणालीस?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. त्या टाकीत पाणी नव्हतं, धोका नव्हता, सगळं खरं. पण तुझे दोन पाय त्या भोकातून नाहीसे होताना मी खिडकीतून बघितले होते, आणि त्यानंतर कितीतरी दिवस मला घास गिळवत नव्हता.

आता जरा माझ्या आईचं ऐक. मघापासून तिचीच आठवण येतेय. ती खाडीत जायची, चिंबोऱ्या आणि निवट्या धरायला. ओहोटी लागली की पाटी कमरेला बांधून चिखलात शिरायची. तो चिखल वरून सगळा सारखाच दिसतो, पण एका पावलाला गुडघा जातो आणि दुसऱ्या पावलाला माणूस. म्हणून आमच्यात रीत होती. आत एक गेला की बांधावर एक उभा राहणार. बांधावरच्यानं दुसरं काही करायचं नाही. जाळं सांधायचं नाही, शेजारणीशी बोलायचं नाही, पाटीत किती पडलं म्हणून डोकावायचंही नाही. आतल्या माणसाकडे बघायचं आणि थोड्या थोड्या वेळानं हाक मारायची, "हायस का?" आतून "हाय" आलं की झालं, मग पुढच्या हाकेपर्यंत नुसतं बघत राहायचं. आईच्या वेळी बांधावर मी असायची. माझ्या वयाच्या पोरी मागे सागरगोटे खेळायच्या आणि मी उन्हात खांबासारखी उभी. एकदा चिडून म्हटलं, सगळं तू करतेस, मला कशाला तापवतेस? तिनं पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "चिंबोऱ्या मी आनल्या. माना तू जिती घरी आनलंस." आणि वाटणी करताना बांधावरच्याला आतल्याइतकाच वाटा, हीही रीत. कमी दिला तर गावात नाव जायचं.

त्या रीतीतली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कठीण होती. आतून "हाय" आलं नाही तर बांधावरच्यानं दोर टाकायचा, फळी टाकायची, मिठागरावरच्या माणसांना बोंब ठोकून बोलवायचं, पण आपण स्वतः उतरायचं नाही. आत आई असली तरी नाही. मी लहान असताना आईनं माझ्याकडून हे वदवून घेतलं होतं, देवाची शपथ घालून. मला तेव्हा ती फार निष्ठुर वाटली होती.

हे सगळं मी आज का उगाळतेय? कारण आमचे हे, तुझे काका. तुला एवढंच माहीत आहे की ते कंपनीत अपघातात गेले. फोटोला हार घालताना तू कधी विचारलंस नाही आणि मी कधी सांगितलं नाही. चारूलाही पुरतं ठाऊक नाही. जमीन गेल्यावर ते रस्त्यापलीकडच्या एका रंगाच्या कारखान्यात लागले होते. आता तो कारखाना नाही, तिथे काचांची उंच इमारत आहे, संध्याकाळी तिच्यात सूर्य दिसतो आणि लोक फोटो काढतात. मी त्या बाजूनं रिक्षा नेऊ देत नाही, रिक्षावाल्याला वाटतं म्हातारीला वळसा घालायची हौस आहे. कारखान्याच्या मागच्या अंगाला सांडपाण्याची टाकी होती, पुरुषभर खोल. धम्मपाल म्हणून त्यांचे मित्र होते, दोघांचा डबा एक, सायकल एक, भांडणंही तीच तीच. धम्मपालभाऊ गाळ काढायला उतरले आणि तुझे काका वर, झाकणापाशी. म्हणजे तू उद्या जिथे उभी राहणार आहेस, तिथे.

तुला वाटेल, ते जागेवरून गेले असतील, चहाला किंवा कुणी बोलावलं म्हणून. नाही. ते जागचे हलले नव्हते. धम्मपालभाऊ खाली बसले, मग आडवे झाले. आणि गोटीराम, माझा नवरा, जो जन्मभर खाडीच्या काठी वाढला, ज्याला बांधावरची रीत माझ्याइतकीच तोंडपाठ होती, तो आत उतरला. का उतरला, हे मी कितीदा स्वतःला विचारलंय. टाकी एवढीशी, चिखल घोट्याएवढा, मित्र हाताच्या अंतरावर दिसतोय. खाडीची भीती वाटते कारण ती मोठी दिसते. या टाकीची कुणाला भीती वाटणार? त्यांना वाटलं असेल, वाकलो, बगलेत हात घातला, ओढला, झालं. गाळातून विषारी वायू सुटतो, त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो तोवर माणूस सावध असतो. जास्त झाला की नाकाला कळेनासा होतो, आणि माणसाला वाटतं, गेला वाटतं वास. दोघं एकमेकांशेजारी सापडले. पलीकडच्याच शेडमध्ये तोंडाला लावायची हवेची नळकांडी होती, चार माणसं होती. एक बोंब ठोकली असती तर.

लोक आले, म्हणाले, मित्रासाठी जीव दिला, केवढं मोठं मन. अजून म्हणतात. धम्मपालभाऊंची बायको राहीबाई आणि मी, आम्ही दोघी तेवढ्या तसं म्हणत नाही. आम्ही भेटलो की भाजीचे भाव बोलतो, गुडघ्यांचं बोलतो. एकदाच ती म्हणाली, "तुझ्या माणसानं वर राहायला पाहिजे होतं गं काशी, मग माझा कदाचित आला असता आणि तुझा नक्की." मी तिचा हात धरून बसले, कारण ते खरं होतं आणि ते मला बोलायचं धाडस होत नव्हतं. ऋता, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दोन मोह होतात. एक निघून जाण्याचा आणि एक उडी मारण्याचा. पहिल्याला लोक नावं ठेवतात आणि दुसऱ्याला हार घालतात. मला दोन्हींची सारखीच भीती वाटते, आणि तुझ्या बाबतीत दुसऱ्याची जास्त. तुझे ते दोन पाय अजून माझ्या डोळ्यांपुढून गेले नाहीत.

म्हणून जरा माझं ऐक, मी शिकलेली नाही तरी ऐक. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, तेजस सांगतो ते सांगतेय. तुला माहीत आहे, तो टाक्या साफ करणाऱ्या कंत्राटदाराकडे मुकादम आहे. बापाला ज्यानं नेलं तेच काम त्यानं का धरलं म्हणून मी किती भांडले त्याच्याशी. तो म्हणाला, "आई, कुणीतरी ते नीट करायला पाहिजे ना." त्यानं त्याचं रीतसर शिक्षण घेतलं, हवा मोजायचं यंत्र वापरतो, कमरेला पट्टा आणि वर तिकाटणं, म्हणजे माणसाला दोरानं वर ओढायची तीन पायांची घोडी, लावल्याशिवाय माणूस उतरवत नाही. स्वतः कायम वर उभा असतो, म्हणून मला इतकी वर्षं झोप लागते. त्याचं म्हणणं असं की शिट्टी ज्याच्या हाती, त्या दिवसापुरता तोच सगळ्यांचा साहेब. त्यानं काम थांबवा म्हटलं की मॅनेजरलाही थांबवावं लागतं. वर दोन माणसं हवीत, एक कंत्राटदाराचा आणि एक कंपनीचा. तर आज संध्याकाळीच आशुतोष सरांना फोन करून विचार, उद्या माझ्याबरोबर वर दुसरं कोण आहे? कुणी नसेल तर सांग, दुसरा येईपर्यंत झाकण उघडणार नाही. तुझा आवाज कापेल, कापू दे. हवा मोजलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघ. हवेची नळकांडी कुठे आहेत ते बघ, मदतीला कुणाला बोलवायचं त्याचा नंबर आधीच लावून ठेव. शिट्टी बंडूला देऊ नकोस. बंडू भला माणूस असेल, पण गेटवर ट्रक आला की तो जाणारच, ते त्याचं कामच आहे. आणि काही झालं तर शिट्टी मार, ओरड, दोर ओढायला लाव. पण झाकणाच्या आत तुझा पाय जाता कामा नये. शिकायला गेली आहेस ना, मग एवढं शिकून ये. वरच्या हॉलमध्ये तुझा तक्ता दाखवायला उद्या नाही तर परवा मिळेल, नाही मिळाला तर माझ्या भाजीवालीनं बघितलाच आहे.

मघापासून ताकाला जाऊन भांडं लपवतेय मी. आता भांडं पुढे करते. आज तेजस जेवायला घरी आला होता. भाताचा घास घेता घेता म्हणाला, धनाजीला ताप भरलाय, उद्या त्याच्या जागी मलाच आत उतरावं लागेल, दुसरा शिकवलेला माणूस मिळत नाही. मी विचारलं, कुठल्या कंपनीत? त्यानं नाव सांगितलं. मग म्हणाला, "वर कंपनीकडून एक ट्रेनी मुलगी आहे म्हणे, शिकलेली आहे, चांगलं आहे." माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. त्याला मी सांगितलं नाही की ती तू आहेस. सांगितलं असतं तर हसून म्हणाला असता, "आपली ऋता? मग तर काही टेन्शनच नाही." आणि टेन्शन नाही म्हणत उतरणाऱ्या माणसाचीच मला भीती वाटते. नको जाऊस, असंही म्हणून बघितलं. तो म्हणाला, "मी नाही गेलो तर दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा जाईल ना, आई." तुला सांगावं की नाही, हाही घोर दुपारपासून लागला आहे. नाही सांगितलं तर तू अर्धा तास वरच्या हॉलमध्ये जाशील. सांगितलं तर, आत तुझा तेजसदादा आहे म्हणून, काही झालं की तू उडी मारशील. शेवटी वाटलं, उद्या झाकणापाशी त्याला बघून तुझं भान जाण्यापेक्षा आज घरी बसून तुला कळलेलं बरं. रडायचं ते आज रडून घे. उद्या तो आत उतरला की तो तुझा दादा नाही, माझा लेक नाही, आतला माणूस आहे. धनाजी असता तर जशी उभी राहिली असतीस तशीच राहा. मधूनमधून हाक मार, "हायस का?" ती हाक त्याच्या रक्तात आहे. तोंडाला मुखवटा असला तर दोराला हिसका देऊन तो उत्तर देईल. मी उद्या तुला फोन करणार नाही, कितीही जीव वर-खाली झाला तरी नाही, कारण फोन वाजला तर तुझी नजर त्याच्यावरून हलेल. सगळे वर आले, झाकण बसलं, की मग तू मला कर. जास्त काही बोलू नकोस, माझ्याच्यानं ऐकवणार नाही. नुसतं "हाय" म्हण.

तुझीच,
बांधावर बसलेली,
काशीमावशी